फुटाला एक सूत

नमुन्याच्या पानावर सोनेरी केसांचा एक माणूस हसत होता.
त्याला आधी काढला.
त्याच्या जागी मी बसले,
मतदार ओळखपत्रातली, डोळे अर्धे मिटलेली.
मग मलाही काढलं.
बिनफोटोचंच बरं.

नाव लिहिताना नेहमीची पंचाईत.
दहावीच्या मार्क्सकार्डावर ज्योसना,
आधारवर जोत्सना,
बँकेच्या पासबुकात नुसतीच जे. मुतगेकर.
पानावर मी पहिल्यांदाच पूर्ण झाले: ज्योत्स्ना.
अर्धा त आणि अर्धा स
एकमेकांना धरून नीट उभे.

गावाच्या चौकटीत कुठलं स्पेलिंग टाकलं
ते विचारू नका.
दोन पानं केलीत म्हणा,
एक पुण्यासाठी, एक बंगळूरसाठी.
गाव तेच आहे,
बसही तीच, सव्वासातची.

अप्पा उद्यमबागेतून आले.
कानामागं पेन्सिल, भुवयांवर सागवानाची भुकटी.
"काय करूलालीस ग अजून?"
"माझं पान. नोकरीसाठी.
लिंक पाठवली की कुठंही उघडतंय."
"खानापुरातबी?"
"तिथंबी."
मग त्यांनी चपला काढल्या, जवळ बसले.

कौशल्यांच्या निळ्या पट्ट्या होत्या,
एक ऐंशी टक्के, एक नव्वद, कन्नड सत्तर.
"हे ऐंशी कुणी मोजलं?"
"मीच की."
अप्पा बराच वेळ पट्टीकडं बघत राहिले,
जशी लाकडाची गाठ बघतात.

"बीड ओतलं की निवताना आकसतंय,
म्हणून पॅटर्न वस्तूएवढा करायचा नसतोय.
फुटाला एक सूत जास्त.
एवढंच.
कमी धरलास तर भंगार.
जास्त धरलास तर लेथवाला शिव्या घालतोय
दिवसभर."

अप्पा जेवायला उठले.
मी ऐंशीचे बहात्तर केले,
नव्वदला हात लावला आणि काढला,
पुन्हा लावला.
मुलाखतीच्या खुर्चीत मी किती आकसेन
याचा तक्ता कुठल्या वर्कशॉपात मिळतो?

अनुभवाखाली दोन वर्षं कोरी होती.
ती मी रंगानं झाकली होती, फिकट करड्या.
महादेवीनं फोनवर पान बघितलं, हुक्केरीहून,
आणि तिच्या त्या कन्नडी हेलात ओरडली,
"आणि डीसी ऑफिससमोरचं झेरॉक्स कुठं गेलं?
माझ्या टेबलाला लागूनच तर बसत होतीस!"

ते काय काम आहे?
कडोलीच्या म्हातारीचा पेन्शनचा अर्ज,
तिनं मराठीत सांगायचा, मी कन्नडात भरायचा.
उतारे. रेशनकार्डातली चुकलेली वयं.
भिंतीवरची नोटीस मोठ्यानं वाचायची
आणि वाचता वाचताच उलटी करून सांगायची,
मागं दहा-बारा जणं, कुणाच्या पिशवीत भाकरी.
एका अर्जाला दहा रुपये. कधी एक काकडी.

"त्याला बी अनुभवच म्हणतात," महादेवी म्हणाली,
"लिही. नाहीतर मी फोन ठेवत नाही."

लिहिलं.
काकडीचं नाही लिहिलं.

अप्पांच्या मोबाईलवर उघडून दिलं.
काच तडकलेली, आणि माझ्या ओळी
उजवीकडून बाहेर चाललेल्या.
"वाढलंय की ग हे," ते म्हणाले
आणि अंगठ्यानं पडदा मोजला,
खरंच मोजला, कडेपासून कडेपर्यंत.
मी रुंदी कमी केली.
साडेबारा वाजले.

पानाच्या तळाशी छोटा आकडा असतो,
किती जणांनी उघडलं त्याचा.
मी, अप्पा, महादेवी. तीन.
झोपताना तीनच होता.

पहाटे पाण्याची मोटर लावायला उठले
तर चार.
अप्पांचा मोबाईल चार्जिंगला, बंद.
महादेवी आठशिवाय उठत नाही.

हौद भरून वाहायला लागला
तरी मी तिथंच उभी.